काचेतला धबधबा

काळ्या फडक्यात डोकं खुपसून यज्ञेश्वर कॅमेऱ्यामागच्या काचेत बघत होता, आणि बघता बघता त्याला घाम फुटला. त्या काचेत सगळी दुनिया उलटी दिसते. डोंगर वरून लटकतो, आभाळ पायाशी येतं. मंगळवार पेठेतल्या आपल्या फोटोच्या दुकानात वीस वर्षं त्यानं नवरा-नवरीसुद्धा उलटेच बघितले होते. आजही कडा उलटा होता, झाडं उलटी होती. धबधबा तेवढा सरळ खाली पडत होता.

त्यानं डोकं बाहेर काढलं. कड्याच्या टोकाशी आलेलं पाणी खाली जायचं सोडून वर उडत होतं. दरीतून असला वारा उसळत होता, की पाण्याला पाय खाली टाकू देत नव्हता.

"केरबा, हे काय?"

मलकापुरापासून कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन आलेला केरबा धनगर निवांत तंबाखू मळत बसला होता. "काय म्हंजी? पाणी हाय की."

"अरे, वर चाललंय!"

"मग? श्रावणात जातंय की वर. तुमच्या कोल्हापुरात न्हाय जात व्हय, पावणं?"

यज्ञेश्वर मटकन दगडावर बसला.

त्याचे वडील, अंबादासअण्णा, याच वाटेनं तीस वर्षं टपाल घेऊन चालले होते. पेन्शनीत निघाले आणि रोज संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर बसून गोष्टी सांगायला लागले. अस्वलानं मनीऑर्डरीवर अंगठा कसा उठवला, वाघानं वाट अडवून पत्र कसं वाचून घेतलं. अर्धी पेठ ऐकायला जमायची. दोन वर्षांपूर्वी, यज्ञेश्वरच्या बहिणीला, कालिंदीला बघायला पाहुणे आले, आणि अण्णांनी त्यांच्यापुढं वर जाणाऱ्या पाण्याची गोष्ट काढली. पाहुणे एकमेकांकडं बघून हसले. यज्ञेश्वरचं टाळकं फिरलं. सगळ्यांदेखत तो बोलला, "अण्णा, थापा पुरे आता. लाज वाटते आम्हाला."

कालिंदीचं लग्न जमलं. अण्णा मात्र त्या दिवसापासून मिटले ते मिटलेच. "चहा दे", "दार लाव", एवढंच काय ते बोलणं. कट्ट्यावर आता गल्लीतली कुत्री बसत होती.

फोटोसाठी काचेच्या सहा प्लेटा आणल्या होत्या. पाच सकाळी डोंगर टिपतानाच वाऱ्यानं कॅमेरा हलून वाया गेल्या. उरलेली एक गुळाच्या व्यापाऱ्याच्या कॅलेंडरासाठी होती. त्यानं बजावलं होतं, डोंगर पाहिजे, धुकं पाहिजे, माणूस एक दिसता कामा नये. नाहीतर काम दुसऱ्याला.

पण नुसतं पाणी टिपलं तर ते खाली पडतंय का वर चाललंय, हे कागदावर कुणाला कळणार?

यज्ञेश्वर उठला. "केरबा, त्या कड्याशी जाऊन उभा राहा."

"मी? मघाधरनं मला हाकलताय, बाजूला सर म्हनून!"

"आता पाहिजेस. लई पुढं जाऊ नकोस फक्त."

केरबा उभा राहिला. त्याचं घोंगडं डोक्याच्या वर फडफडलं, आणि पाणी घोंगड्याच्याही वर गेलं. यज्ञेश्वरनं श्वास धरला आणि बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तो फोटो घेऊन कट्ट्यावर गेला. कुत्र्यांना हाकललं, हाताला धरून अण्णांना बाहेर आणलं, शेजारी बसला.

"चुकलो मी, अण्णा. तुमचं खरं होतं."

अण्णांनी फोटो जवळ धरला. मग लांब धरला. चष्मा धोतराला पुसून पुन्हा जवळ धरला. यज्ञेश्वरला वाटलं, आता हे रडणार.

अण्णांनी घसा खाकरला, पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.

"पाणी झकास आलंय," ते म्हणाले. "पण त्याच्याबरोबर वर गेलेली म्हैस कुठाय रे?"