दोन ठोके

टाकी घासून झाली. अण्णांनी गच्चीवरचा कॉक उघडला आणि सवयीने लोखंडी पाइपाला कान लावला. खाली स्वयंपाकघरात नळाला पाणी आलं, की त्यांची बायको वेणूताई उलथन्याने पाइपावर दोनदा ठोकायची. पण उजवं अंग लुळं पडल्यापासून ती अंथरुणातच होती. सून म्हणाली होती, "पाणी आलं की मी फोन करते, अण्णा."

फोन काही आला नाही. पाइपात एक ठोका वाजला, अगदी हलका. बऱ्याच वेळाने दुसरा.

अण्णा जिना उतरून आत आले. नळाखालची बादली भरून वाहत होती. पाइपाजवळ खुर्चीत बसवलेल्या वेणूताईच्या डाव्या हातात उलथनं होतं.

"पाणी केव्हाच आलंय," सून म्हणाली, "पण आई मला फोनच करू देईनात."