खूप त्रास झाला

"ती सांगंल ते सगळं लिवायचं. लाजून काय गाळायचं न्हाई, पोरी," निर्वासितांचे अर्ज फुकट करून देणाऱ्या कांबळे वकीलबाईंनी मला बजावलं होतं. "अहो, पदवीधर आहे मी," म्हणून मी हसले.

पाचगणीच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करणारी अफगाणी नसीमा हिंदीत सांगत होती, मी लिहीत होते. बंदूकवाल्यांनी घरातून ओढून नेल्यावर तिच्याशी काय काय केलं, तेही तिनं सांगितलं. माझी लेक मांडीवर होती. मी लिहिलं, 'खूप त्रास झाला.'

काल तिच्या अर्जाला उत्तर आलं. त्रासाचा तपशील नाही, आश्रय नामंजूर. अपिलाला पंधराच दिवस आहेत, आणि नसीमा खोली सोडून गेलीय.

पाचगणी-वाईकडं कुठं दिसली तर तिची विचारपूस करा. तिला म्हणावं, तू सगळं सांगितलं होतंस. लाजले मी.