मळका स्वेटर

लॉन्ड्रीवाल्या काकूंना मळका कपडा डोळ्यांसमोर खपत नसे. नवरा गेला तेव्हाही हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी त्याचा कपडा न् कपडा धुऊन इस्त्री करून ठेवला. मग एकदा आठवण आली म्हणून कपाट उघडून हुंगलं, तर नुसता साबणाचा वास.

वाचला तो एक स्वेटर. नवऱ्यानं गटारातून उचलून आणलेलं कुत्रं त्यावर ठाण मांडून बसलं होतं आणि धुवायला काकूंनाही हात लावू देत नव्हतं.

आता काकू लेकीकडे राहायला निघाल्या होत्या आणि तिच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं चालत नव्हतं. एक भलं जोडपं त्याला न्यायला आलं. काकूंनी स्वेटरमध्ये शेवटचं नाक खुपसलं आणि तो जोडप्यातल्या मुलीच्या हातात दिला.

"हा त्याच्याजवळच असू दे, बाळा."

दोन दिवसांनी काकूंनी तिला फोन केला.

"रात्रभर रडतंय हो काकू. स्वेटरकडे तर ढुंकूनही बघत नाही."

"का गं?"



"काय माहीत. अगदी तुमच्या लॉन्ड्रीसारखा स्वच्छ धुऊन दिलाय."