पांढरा उजेड

गोमाजीने छतालगतची शेवटची क्लिप स्क्रूने आवळली आणि वायर बोटाने जोरात ओढून पाहिली. वायर हलली नाही.

"घरातली वायर एकदा बसली की बसली," तो दाराशी उभ्या सुनेला म्हणाला. "ही रोज खड्ड्यांतून फिरणार. कुठं सैल राहिली तर पत्र्यावर घासून सोलून निघंल. मग आगच."

"बाबा, हे तुम्ही कालपण सांगितलंत," प्राप्ती म्हणाली. "परवापण."

"मग ध्यानात राहील."

गाडा म्हणजे टेम्पोच्या मागे जोडायचा ट्रेलर होता, चारी बाजूंनी बंद. एका बाजूची झडप वर उचलली की दुकान तयार. उद्या सकाळी भावेश, गोमाजीचा मुलगा, तो नौपाड्यात नेऊन लावणार होता. गोमाजीची बायको जनाबाई लग्न होऊन चेंदणी कोळीवाड्यात आली तेव्हापासून डोक्यावर पाटी घेऊन ठाणेभर मासळी विकत होती. आता तिची मान दुखायची, जिना चढताना गुडघे वाजायचे. डोंबिवलीच्या कारखान्यातून वायरमन म्हणून रिटायर झाल्यावर गोमाजीने एकच गोष्ट मनात घेतली. हिच्या डोक्यावरची पाटी उतरवायची. गेला महिनाभर तो या डब्यातच होता. जेवायलाही इथेच बसायचा. जनाबाई अंधारात बंदरावर जायची आणि दिवेलागणीनंतर परत यायची.

आज सोमवार. मासळीला गिऱ्हाईक नाही, म्हणून ती घरी होती. ओट्यावर बसून मसाल्यासाठी हळद चाळत होती.

"जने, आत ये. उजेड बघ."

"माझे हात भरलेत. हितूनच बघते."

"तिथून काय दिसणार? दार लावल्याबिगर मजा नाय."

"घरात एकच पिवळा बल्ब, आणि मासळीला मात्र दिवाळी," जनाबाई म्हणाली. "वायरमनच्या बायकोचं नशीब बघा."

प्राप्ती हसली. सासूच्या दंडाला धरून तिने तिला उठवलं आणि आत आणलं. गोमाजीने दार ओढून घेतलं. आत मिट्ट काळोख झाला. मग त्याने बटण दाबलं.

छताच्या एलईडी पट्टीचा उजेड एकदम आला. पांढरा पत्रा, थर्माकोलचे खोके, बर्फाची पेटी, सगळं लख्ख. प्राप्तीने टाळ्या वाजवल्या. बायको खूश झाली का, ते बघायला गोमाजी वळला. त्याचा हात बटणावरच राहिला.

"तोंडाला हळद लागलीय तुझ्या," तो म्हणाला. "पूस."

जनाबाईने पदराने तोंड पुसलं. ती खाली बघत होती.

"अजून हाय. कपाळाला. मानेलापण."

प्राप्तीने पांढरं फडकं ओलं केलं आणि सासूचं कपाळ स्वतः पुसलं, मान पुसली. फडकं पांढरंच राहिलं. ती फडक्याकडे बघत राहिली.

"आई, जरा वर बघा."

जनाबाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा धमक होता. हळद डोळ्यांत जात नाही.

गोमाजी बायकोकडे पाठ करून वायरीकडे वळला. जन्मभर त्याने हेच केलं होतं. काही बिनसलेलं दिसलं की दोष लाईनीत शोधायचा.

"पट्टीच खराब दिली दुकानदारानं," तो म्हणाला. "करंट कमी पडला की रंग बदलतो."

आत्ताच आवळलेल्या क्लिपा तो सोडवू लागला. एक निघाली, दुसरी निघाली. वायर छतावरून लोंबायला लागली. त्याच उजेडात त्याची स्वतःची बनियन पांढरी दिसत होती. खोके पांढरे होते. प्राप्तीचे डोळे पांढरे होते. हे सगळं त्याला दिसत होतं आणि तरी त्याचा हात थांबत नव्हता. स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटून पुन्हा पुन्हा पत्र्यावर आपटत होता.

"बाबा, थांबा ना!" प्राप्तीला रडू फुटलं. "मला वाटायचं हळदच आहे हो. रोज मसाल्यात हात असतात त्यांचे..."

जनाबाई पुढे आली. तिने त्याचं मनगट धरलं. तिच्या बांगड्या सरकून कोपरापर्यंत गेल्या. हा हात इतका बारीक कधी झाला, ते गोमाजीला कळेना.

"उजेड बरोबर हाय," ती म्हणाली. "वायर परत बसवा."

"दवाखान्यात चल. आत्ताच्या आत्ता."

"जाऊन आले."

"कधी?"

"तुम्ही पत्रा मारत होता तेव्हा. मग मोठ्या दवाखान्यातपण गेले. आतलं लई पसरलंय म्हणाले. आता करण्यासारखं काय राहिलं नाय."

गोमाजी बर्फाच्या पेटीवर बसला.

"मी हितंच होतो ना गं. दारात. मला सांगायचं नाय? कोणासाठी करत होतो मी हे सगळं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडा अर्धा टाकून माझ्या उशाशी येऊन बसला असता," जनाबाई म्हणाली. तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "आणि माझी पाटी हिच्या डोक्यावर आली असती."