अकरापैकी अकरा

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अकोल्याच्या रक्तदाता मंडळाचा संगणक जळाला. भारनियमन संपून वीज आली ती उसळूनच आली. पडद्यावर एक ठिपका उरला, मग तोही गेला. तारीख १७ सप्टेंबर २००६, रविवार.

टेबलावरचा फोन वाजतच होता. मंडळाचे चिटणीस, निवृत्त शिक्षक कमलाकांत सर, गावातल्या रक्तपेढीतून बोलत होते. बाळंतपणानंतर माणिकबाई नावाच्या बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. पेढीत एकच पिशवी होती. "नगमा, बारापर्यंत दोन माणसं पाठव. त्याच्यापुढं डॉक्टर काही बोलून नाही राहिले."

नगमा शेख एका संगणक-वर्गात शिकवायची आणि रविवारी मंडळाची यंत्रं सांभाळायची. एरवी यादी सर स्वतः काढत.

यादीचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालणारा. तो लिहिणारा सौमित्र परदेशी गेला, तेव्हा प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, सोर्स कोड, कुणी मागून ठेवला नव्हता. हाती उरला तो नुसता तयार प्रोग्रॅम, दुसऱ्या यंत्राजोगा बदलता न येणारा. कोपऱ्यातलं दुसरं यंत्र फ्रीबीएसडीवर चालायचं. दोन्ही युनिक्सच्याच कुळातली, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर थेट चालत नाही. फ्रीबीएसडीत मात्र एक सोय असते. त्यात लिनक्सचा वेगळा कप्पा करता येतो. आपण कुठे आहोत असं प्रोग्रॅमनं विचारलं, तर यंत्र बेधडक सांगतं, लिनक्समध्ये. त्यानं एखादी फाइल मागितली, की आधी त्या कप्प्यात शोधतं. तिथे नसली तरच बाहेर. मंडळाच्या यादीची नक्कल रोज याच यंत्रावर येऊन पडत असे.

नऊ पस्तीसला नगमानं त्या कप्प्यात प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर ओळ आली: ओ निगेटिव्ह, अकरा. तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही, म्हणून आज देऊ शकतील, अकरा.

"शुक्र है," नगमा म्हणाली आणि फोन लावू लागली. पहिला क्रमांक भलत्याच घरी लागला. दुसरा माणूस सुरतला राहायला गेला होता. तिसऱ्या आणि चौथ्यानं उचललाच नाही. पाचवं नाव होतं: नासिर शेख, दर्यापूर. शेवटचं रक्तदान, जून २००५.

तिचे वडील. त्यांचं नाव तिनं आधीच मनातून वगळलं होतं, कारण ते गेल्याच महिन्यात अकोल्याला रक्त देऊन गेले होते. वर्षभरात चार वेळा आले. दर वेळी तिच्या खोलीवर चहा घेऊन, शेवटच्या जीपनं परतले.

तिनं दुकानाचा क्रमांक फिरवला. नासिर गाद्या-रजया भरायचे.

"अब्बू, तुम्ही ऑगस्टमधी रक्त दिलं होतं ना?"

"हो बेटा. काहून?"

"यादीत नाही दिसून राहिलं. इथं मागल्या वर्षीचा जून आहे."

पलीकडे कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर होती. ती थांबली.

"तुमची मशीन खोटं बोलते का मंग?"

"मशीन काहून खोटं बोलन? अब्बू, एक बाई मरून राहिली इथं. दिलं होतं की नाही, तेवढं सांगा."

मग नासिर म्हणाले, "निघतो." फोन ठेवला गेला.

सहाव्या क्रमांकावर एक बाई बोलली. "ते तं गेले ताई. मार्चमधी."

नगमाचं बोट थांबलं. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. अकरापैकी अकरा. तीन महिन्यांत एकानंही रक्त दिलेलं नाही, असं मंडळात कधी होत नसे. तिनं सगळ्या तारखा पाहिल्या. सप्टेंबर २००५ नंतरची एकही नव्हती.

तेव्हा तिला आठवलं. बरोबर वर्षापूर्वी कप्प्यात प्रोग्रॅम चालवायचा हाच प्रयोग तिनं करून पाहिला होता. त्या दिवसाची यादी कप्प्यात तशीच राहिली होती. प्रोग्रॅमला आधी ती सापडली, तो तिच्यावरच थांबला. ताजी यादी बाहेर पडून होती.

तिला एकदम हलकं वाटलं. म्हणजे अब्बू खरं बोलत होते. तिनं दुकानाला फोन लावला. कुणी उचलला नाही. बहुतेक ते निघाले होते. त्यांच्याजवळ मोबाइल नव्हता.

जुनी फाइल काढून तिनं प्रोग्रॅम पुन्हा चालवला. ओ निगेटिव्ह, नऊ. आज देऊ शकतील, चार. हिवरखेडचा गोवर्धन कामानिमित्त अकोल्यातच होता. दुसरा रक्तपेढीच्या मागच्या गल्लीत राहायचा. साडेदहाला दोघंही खाटेवर होते. पावणेबाराला सरांचा फोन आला, की रक्त चढायला लागलं, रक्तस्राव कमी आहे.

मग तिनं वडिलांचा ऑगस्ट पाहायला त्यांचं नाव शोधलं. नोंद अशी होती: नासिर शेख, दर्यापूर. नाव कमी केले, १४ ऑक्टोबर २००५. रक्ततपासणीत दोष. पुन्हा बोलावू नये.

"सर, मले काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"कसम घातली होती त्यांनी," कमलाकांत सर फोनवर म्हणाले. "म्हणे, मास्तर, दवाखान्यात यावंच लागन. पोरीले सांगीन, रक्त द्याले येतो."

सकाळच्या फोनवरून लेकीला सगळं कळलं, असंच नासिर समजले असणार. दर्यापूरहून जीप दीड-दोन तासांत येते. साडेबारा झाले तरी नासिर रक्तपेढीत आले नव्हते. एक वाजता नगमानं स्टँडवर दर्यापूरच्या जीपच्या ड्रायव्हरला गाठलं.

"नासिरभाई? आले ना," तो म्हणाला. "मोठ्या दवाखान्याच्या गेटावर उतरले. दर महिन्याले तिथंच तं उतरतात."

ती तिथे पोहोचली तेव्हा दीड वाजला होता. रविवार असल्यानं केसपेपरची खिडकी बंद होती. समोरच्या बाकावर कुणी नव्हतं.