रुमालाची त्रिकोणी घडी

बाबांनी या जुन्या, आलिशान हॉटेलच्या तळघरात तीस वर्षं इस्त्री केली. पुढच्या दाराने ते कधी आत आले नाहीत. ते गेल्यावर चार वर्षांनी त्यांची लेक इथे पाहुणी म्हणून उतरली होती.

नाश्ता करून ती खोलीत आली, तर तिचा चुरगळलेला शर्ट पलंगावर कडक इस्त्री करून ठेवलेला. खिशात रुमालाची त्रिकोणी घडी. तिच्या शाळेच्या गणवेशात बाबा अशीच घडी ठेवायचे.

तिने खाली रिसेप्शनला फोन लावला.

"आमच्यातलं कुणीच वर आलं नाही, मॅडम. तळघरातली लाँड्री बंद होऊन जमाना झाला."

शर्ट अजून गरम होता.

एकदा हॉटेलच्या मागच्या फाटकातून बाबांनी तिला हाक मारली होती. बरोबर मैत्रिणी होत्या. "कोण आहे कोण जाणे," म्हणत ती तरातरा पुढे गेली होती. बाबांनी तो विषय कधीच काढला नाही, आणि तेच तिला जन्मभर सलत राहिलं.

"चुकलंच माझं, बाबा," ती पुटपुटली. "आता तरी पुढच्या दाराने या ना."

तिने दार सताड उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं.

मग टकटक झाली. तिच्या पाठीमागे, कपाटाआडच्या कोऱ्या भिंतीवर. अगदी दबकत.