औक्षणाचं ताट

"मॅडम, हसा जरा. समितीची गाडी येतेच आहे," प्राचार्य केशोराव म्हणाले आणि कोटाची कॉलर सारखी करू लागले.

दुर्गेश्वरी हसली नाही. कॉलेजच्या फाटकाशी ती औक्षणाचं ताट धरून उभी होती. कुंकू, तांदूळ, सुपारी, तुपाचं निरांजन. हायवेवरून ट्रक गेला की वात आडवी व्हायची, पुन्हा उभी राहायची. वर ग्रंथालयात या वेळी तिचा तास भरला होता. तिच्याशिवाय.

तास तिनंच सुरू केला होता. ती ग्रंथपाल, तीही कंत्राटावर. पुस्तकं द्यायची, घ्यायची आणि गप्प बसायचं, एवढंच तिच्याकडून हवं होतं. पण गावागावांतून सायकल दामटत येणाऱ्या पोरी मोबाइलवर आलेलं काहीही खरं मानायच्या, छापलेल्या अक्षराच्या पाया पडायच्या. ते तिला बघवेना. जात्यावरच्या बाया एकमेकींच्या ओळीला ओळ जोडतात, तसा ती पोरींना प्रश्नाला प्रश्न जोडायला शिकवू लागली. हे कोणं लिहिलं? कोणासाठी लिहिलं? काऊन लिहिलं? हळूहळू पोरी पुस्तकालाच नाही, वर्गात सरांनाही विचारू लागल्या. काऊन?

एकदा प्राचार्य दारात येऊन थबकले. "'काऊन' काय? 'का' म्हणा. हे महाविद्यालय आहे, धानाचं खळं नव्हे." पोरींच्या माना लोंबीसारख्या खाली गेल्या. सर स्वतः जवळच्याच सौंदड गावचे, त्याच खळ्यावर लोळून मोठे झालेले. पण खुर्चीत बसल्यापासून घरची बोली त्यांनी घरीच ठेवली होती.

आज कॉलेज तपासायला येणारी समिती तोच तास बघणार होती. शिकवताना समितीनं तिला पाहिलं, तर तिची नोंद शिक्षक म्हणून होणार होती. मग तिला पक्कं करावं लागलं असतं. याच दिवसाची तिनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

आणि काल प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तास ओमेश सर घेतील. तुम्ही औक्षण करा."

"तास माझा आहे, सर."

"माझं-तुझं काय करता, मॅडम? आपण सगळे एक कुटुंब. आणि ताट कसं, बाईमाणसाच्याच हातात शोभतं."

ओमेश सरांनी ग्रंथालयाची पायरी कधी चढली नव्हती. तिनं रंगवलेले तक्ते मात्र ते न विचारता काढून घेऊन गेले. पाहुणा कोणीही असो, ताट तिचंच. तक्ते तिचे, तास मात्र त्यांचा. राग गिळून ती आज फाटकाशी उभी होती, आणि तो गिळलेला राग निखाऱ्यासारखा आतून भाजत होता.

जिन्यावरून तिची विद्यार्थिनी टीना धावत आली.

"मॅडम, तास तुमचा हाये न? तं तुमी इथं काऊन उभ्या? ओमेश सर म्हणून राहिले, कोणी काई इचारायचं नाई. समिती आली का नुसत्या माना हालवा."

"ए, वर जा तू!" प्राचार्य खेकसले.

टीना हलली नाही. ती दुर्गेश्वरीकडे बघत राहिली. तिला उत्तर हवं होतं. सगळ्या पोरींना जो प्रश्न दुर्गेश्वरीनं शिकवला, तो स्वतः तिनं या माणसाला एकदाही विचारला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी फाटकातून आत वळली. प्राचार्य लगबगीनं पुढे झाले, चेहऱ्यावर हसू आणलं, नमस्काराला हात जोडले. दुर्गेश्वरीनं त्या जोडलेल्या हातांवर ताट टेकवलं. ते पडू नये म्हणून त्यांना हात उघडावेच लागले.

"धरा सर. माझा तास हाये."

टीनाचं मनगट पकडून ती जिन्याकडे चालू लागली. मागे गाडीची दारं उघडली, पाहुणे उतरले. प्राचार्य केशोराव ताट घेऊन उभे. वात कोटाशी नाचत होती. शुद्ध मराठी त्या घटकेला त्यांच्या मदतीला धावून आली नाही. पाठमोऱ्या दुर्गेश्वरीकडे बघत ते ओरडले,

"काऊन?"